भाजनविचार : विघटनशील वेष्टने आणि आपली चूर्णे

औषधनिर्मात्यांकडे वेष्टनांचे जे विक्रेते येतात त्यांच्या पिशवीत अलीकडे पॉलिथीनच्या आणि अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेल्या नेहमीच्या नमुन्यांबरोबर आणखी एक नमुना असतो. किंचित करकरणारी, दुधी पारदर्शक अशी ही फिल्म मक्याच्या किंवा उसाच्या शर्करेपासून केलेली असून ती मातीत मिसळून जाते, असे सांगण्यात येते. त्यातील वरच्या प्रतीत लवंगेचे तेल, ओव्याचे सत्त्व, दालचिनी किंवा हळद मिसळलेली असते आणि त्यायोगे आतील पदार्थास बुरशी लागत नाही, असा दावा असतो. ‘नैसर्गिक’ हा शब्द तर माहितीपत्रकाच्या पहिल्याच ओळीत येतो. लवंग, ओवा, हळद ही नावे वाचून आपल्यापैकी अनेकांचे मन प्रसन्न होते, व ते स्वाभाविकच आहे. ही तर आपल्याच घरची द्रव्ये!

या नव्या वेष्टनांस आमचा विरोध नाही. परंतु त्यांचा निर्णय आज बहुतेक औषधालयांत दर किती, जाडी किती आणि छपाई कशी उठते एवढ्यावर होतो. तो खरेदी पाहणाऱ्या माणसाच्या टेबलावरून उचलून वैद्याच्या पुढ्यात यावयास हवा, असे आमचे मत आहे. ज्या वेष्टनातून लवंगेचे तेल आतील चूर्णात उतरते ते वेष्टन त्या चूर्णाच्या योगात सामील झालेले असते, आणि योग ठरविणे हे खरेदीदाराचे काम नव्हे.

प्रथम कायद्याची बाजू थोडक्यात पाहू, कारण पुष्कळ निर्माते ‘आता सक्तीच आहे’ अशा समजुतीने या वेष्टनांकडे वळत आहेत. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्या व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घातली, तेव्हा औषधांचे वेष्टन त्यातून वगळले होते. केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या काही ठरावीक प्लास्टिक वस्तू बंद केल्या, त्यांतही औषधाची पुडी नाही. विस्तारित उत्पादक जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे मात्र १६ फेब्रुवारी २०२२ रोजी आली. त्यांत बहुस्तरीय प्लास्टिकची वेष्टने तिसऱ्या वर्गात व कंपोस्ट होणारी चौथ्या वर्गात मोडतात. तात्पर्य, चूर्णाचे पाउच बदलावेच असा हुकूम आपल्यावर नाही. दडपण आहे ते बाजाराचे, ग्राहकाच्या डोळ्यांचे, आणि काही अंशी आपल्या स्वतःच्या मनाचेही. निसर्गाचे नाव घेऊन औषध विकणाऱ्याने ते न कुजणाऱ्या पाउचमध्ये विकावे, ही विसंगती कोणालाही खुपण्यासारखी आहे. आम्हांलाही ती खुपते.

आता शब्दांचा घोळ. एखादी फिल्म वनस्पतीपासून झाली म्हणून ती कुजेलच असे नाही, आणि खनिज तेलापासून झाली म्हणून ती कुजणार नाही असेही नाही. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या अल्कोहोलपासून पॉलिथीन तयार होते. ते वंशाने उसाचे खरे, परंतु वृत्तीने कोणत्याही पॉलिथीनसारखेच चिवट. उलट पीबीएटी नावाचे बहुवारिक मुख्यतः पेट्रोलियमपासून करतात आणि ते योग्य परिस्थितीत जंतूंकडून पचविले जाते. बाजारातील बहुसंख्य ‘कंपोस्टेबल’ पिशव्या या पीबीएटी, पॉलिलॅक्टिक आम्ल म्हणजे पीएलए, आणि स्टार्च यांच्या मिश्रणाच्या असतात. याखेरीज एक तिसरा प्रकार विकला जातो. त्यात साध्याच पॉलिथीनमध्ये कोबाल्ट, मँगनीज किंवा लोह यांचे क्षार घालतात, म्हणजे उन्हावाऱ्याने त्याचा भुगा होतो. भुगा होणे म्हणजे कुजणे नव्हे. युरोपीय संघाने हा प्रकार २०१९ च्या निर्देशाने, जुलै २०२१ पासून, बाजारातून काढून टाकला. आपल्या औषधालयात तो कोणी आणून दाखविल्यास चहा पाजून परत पाठवावा, इतकेच त्याविषयी पुरे.

अस्सल कंपोस्टयोग्य फिल्म ओळखण्याचा मार्ग एकच. आयएस/आयएसओ १७०८८ या मानकानुसार चाचणी झाल्याचे आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र विक्रेत्याकडून मागून घ्यावे. या मानकात १८० दिवसांच्या आत ९० टक्के कर्बाचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होणे अपेक्षित असते, परंतु ते नियंत्रित कंपोस्टमध्ये, सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाला. रुग्णाच्या परसातील उकिरडा तितका तापत नाही. विहिरीच्या कडेला किंवा गटारात पडलेली पीएलएची पुडी पुढच्या दिवाळीलाही तशीच सापडू शकते. प्लास्टिक कचरा नियमांत मार्च २०२४ मध्ये जी दुरुस्ती झाली तीत ‘जैवविघटनशील’ म्हणवून घेण्यासाठी नुसत्या जमिनीत वा पाण्यात, नेहमीच्या परिस्थितीत, सूक्ष्म प्लास्टिक मागे न ठेवता विघटन झाले पाहिजे अशी अट आली. ‘कंपोस्टयोग्य’ आणि ‘जैवविघटनशील’ हे दोन शब्द त्यामुळे आता परस्परांऐवजी वापरता येत नाहीत. छपाईचा मजकूर मंजूर करताना निर्मात्याने एवढे तरी पाहावे.

इथवरचा भाग कचऱ्याचा झाला. त्याविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते. आम्हांस अधिक बोलावयाचे आहे ते दुसऱ्या भागाविषयी, म्हणजे फिल्ममध्ये घातलेल्या द्रव्यांविषयी.

जे वेष्टन आतील पदार्थापासून काही शोषून घेते किंवा त्यास काही देते, त्यास ‘सक्रिय वेष्टन’ म्हणतात. गुग्गुळाच्या गोळ्यांच्या बाटलीत आपण सिलिका जेलची पुडी टाकतो, ते याचेच साधे रूप. नव्या फिल्ममध्ये हे काम फिल्म स्वतःच करते. लवंगेतील युजेनॉल, ओव्यातील थायमॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड हे बुरशीस व जंतूंस आवर घालतात हे प्रयोगशाळेत पुनःपुन्हा दिसून आले आहे. हळदीतील कर्क्युमिनचा उपयोग याहून मौजेचा आहे. हळदीचा डाग साबण लागताच तांबडा होतो, हे घरोघरी ठाऊक असते. चुन्याने हळद लाल होते म्हणून तर कुंकू झाले. मासे शिळे होऊ लागले की त्यांतून अमोनियासारखी क्षारधर्मी बाष्पे निघतात व हळद घातलेली फिल्म पिवळ्याची तांबूस होऊन ग्राहकास सावध करते. गोकर्णाच्या निळ्या फुलांतील रंगद्रव्यही असेच आम्ल-क्षाराप्रमाणे रंग पालटते. पदार्थात काहीही न सोडता केवळ त्याची अवस्था सांगणारी ही वेष्टने आम्हांस मनापासून आवडतात. मात्र त्याच हळदीचा डाग उन्हात वाळत घातला की उडून जातो, हेही घरोघरी ठाऊक असते. दुकानाच्या दर्शनी कपाटात ठेवलेल्या पुडीची हळद किती दिवस साक्ष देईल, हा प्रश्न उरतोच.

या संशोधनाबद्दल आदर बाळगूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे. शोधनिबंधांतील पुष्कळ फिल्म या द्रावण बशीत ओतून, मंद तापमानावर सुकवून केलेल्या असतात. कारखान्यात तसे चालत नाही. तेथे पीएलएचे दाणे १७० ते २०० अंशांच्या आसपास वितळवून यंत्रातून ओढले जातात, आणि बाष्पनशील तेले त्या उष्णतेत टिकत नाहीत. जो वैद्य फांटात उडनशील द्रव्ये उकळू देत नाही त्यास हे वेगळे समजावून सांगावयास नको. म्हणून तेल नंतर लेपाच्या रूपाने द्यावे लागते, किंवा सायक्लोडेक्स्ट्रिनसारख्या वाहकात कोंडून घालावे लागते. लेपाची फिल्म गुंडाळून कोठारात राहिली की तिच्यातील तेल पुन्हा हवेत जाऊ लागते. आपण खरेदी केली त्या दिवशी तीत तेल होते, परंतु चूर्ण भरले त्या दिवशी किती उरले होते, याची नोंद कोण ठेवतो? विक्रेत्यास हा प्रश्न अवश्य विचारावा.

भाजनाचा विचार आपल्या शास्त्रास नवा नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधे गोळा केल्यानंतर ती त्यांच्या गुणांस अनुरूप अशा भाजनांत ठेवावीत, आणि अग्नी, पाणी, बाष्प, धूर, धूळ, उंदीर व जनावरे यांपासून दूर, नीट झाकून, शिंक्यास टांगावीत असे सांगितले आहे. सुश्रुताने औषध ठेवण्यासाठी कापड, मातीचे भांडे, फळी आणि खुंटी यांचा उल्लेख केला आहे. आणि अन्नपानाच्या प्रकरणात तर तूप लोखंडाच्या, फळे व भक्ष्य पदार्थ पानांच्या, पाणी व पानके मातीच्या पात्रांत द्यावीत असा बारकावा सांगितला आहे. काशाच्या भांड्यात दहा दिवस राहिलेले तूप विरुद्ध होते, हे विद्यार्थी पहिल्या वर्षीच शिकतो. पात्रातील अंश पदार्थात उतरतो आणि पदार्थाचे गुण बदलतो, हे तत्त्व त्यामागे स्पष्ट आहे. आजचे वेष्टनशास्त्र त्यालाच स्थलांतर म्हणते.

आसवारिष्टांचे पाठ तर याहून बोलके आहेत. संधानाचे भांडे तुपाने मुरविलेले असावे, त्यास आतून पिंपळीचे चूर्ण व मध यांचा लेप द्यावा, अशा सूचना ठिकठिकाणी येतात. हे वाचून ‘सक्रिय वेष्टन आमच्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीच होते’ अशी घोषणा करण्याचा मोह सभासंमेलनांतून होतो. तो आवरावा. आपल्या पूर्वजांनी पीएलए काढले नव्हते, आणि त्यांच्या लेपाचा हेतूही सर्वस्वी हाच होता असे नाही. त्या पाठांतून शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे, आणि ती या घोषणेत हरवते. तो लेप पाठात लिहिलेला असे. कोणते द्रव्य, भांड्याच्या कोणत्या अंगास, कशात कालवून लावावे, हे औषध सांगणारा स्वतः सांगत होता. वाचणाऱ्या वैद्यास ते माहीत होते. आजच्या फिल्ममधील लेप विक्रेत्याचे व्यापारी गुपित असते. त्यात ‘नैसर्गिक तेलांचे मिश्रण’ एवढेच आपणांस कळते, आणि आपण त्यात शतावरी भरतो.

‘नैसर्गिक तेले’ या एका पिशवीत जी नावे कोंबली जातात त्यांच्या गुणांकडे क्षणभर पाहावे. भावप्रकाशात लवंग कटु-तिक्त असूनही शीत सांगितली आहे. ओवा मात्र तीक्ष्ण, उष्ण व पित्तकर आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने युजेनॉल आणि थायमॉल ही दोन्ही फिनॉलवर्गीय, जंतूंस मारक, एकाच्या जागी दुसरे चालणारी. आपल्या दृष्टीने ती समोरासमोर बसलेली आहेत. लवंग घातलेली फिल्म अविपत्तिकर चूर्णास लावली तर निदान मूळ पाठातीलच द्रव्य त्यास भेटते. ओव्याच्या सत्त्वाची फिल्म आम्लपित्ताच्या रुग्णास द्यावयाच्या ज्येष्ठमधास किंवा शतावरीस लावणे हे मात्र कोणत्याही वैद्यास विचित्र वाटेल. हा भेद वेष्टनाच्या अभियंत्यास ठाऊक नसतो, व तो त्याचा दोष नाही. तो त्यास सांगणारा आपल्याशिवाय दुसरा कोणी नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. इतकेसे तेल उतरून काय होणार? अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी एकूण स्थलांतराची मर्यादा किलोस ६० मिलिग्रॅम ठेवली आहे. त्या हिशेबाने पाच ग्रॅम चूर्णात फार तर ०.३ मिलिग्रॅम येते. ही मात्रा औषधी नव्हे, हे आम्ही मान्य करतो. परंतु ही मर्यादा ज्या वेष्टनाने काही सोडू नये अशी अपेक्षा असते त्यासाठी बेतलेली आहे. जे वेष्टन मुद्दाम सोडण्यासाठीच केले त्याचे काय? बुरशी आवरण्याइतके तेल चूर्णात किंवा त्यावरील हवेत उतरलेच नाही, तर फिल्मचा दावा खोटा. आणि उतरले, तर ते नगण्य कसे म्हणावे? युरोपीय संघाने २००९ साली सक्रिय वेष्टनांसाठी केलेल्या नियमावलीत (क्रमांक ४५०/२००९) हेतुपुरस्सर सोडलेले द्रव्य एकूण स्थलांतराच्या मोजणीतून बाहेर काढले आहे आणि त्यास अन्नातील घटक मानून लेबलावर त्याची नोंद करावयास लावली आहे. वेष्टनातून उतरणारे द्रव्य हे पदार्थाचे घटकद्रव्य आहे, या भूमिकेवर पाश्चात्त्य कायदा आणि आपले आसवारिष्टांचे पाठ एकत्र येतात, हे पाहून आम्हांस समाधान वाटते. आपल्याकडे २०२२ साली ‘आयुर्वेद आहार’ नियम आले; मोरावळा, आवळा कँडी, विविध पेयांची मिश्रणे त्यांखाली विकणाऱ्या सभासदांनी तरी सक्रिय फिल्म वापरताना तिच्यातील द्रव्याचे नाव घटकांच्या यादीत छापण्याची प्रथा आपणहून पाडावी. कायद्याने विचारण्याची वाट पाहू नये.

उलट्या दिशेचाही व्यवहार असतो, आणि तो सहसा कोणी लक्षात घेत नाही. चूर्णातील सुगंधी तेल फिल्म पिऊन टाकते. साधे पॉलिथीन यात विशेष लोभी आहे. कर्पूर, दालचिनी, वेलची असलेली चूर्णे पातळ पॉलिथीनमध्ये दोन पावसाळे राहिली की वास फिल्मला आणि भुसा आत, अशी अवस्था होते. या बाबतीत, आणि प्राणवायू अडविण्यातही, पीएलए पॉलिथीनहून उजवे आहे. तेलकट पदार्थास ते चांगले तोंड देते.

पाण्याच्या वाफेपुढे मात्र ते हरते, आणि आपल्या हवामानात हाच मुद्दा निर्णायक आहे. सारख्याच जाडीच्या पॉलिथीनमधून जितकी वाफ आत शिरते तिच्या ढोबळमानाने दहापट किंवा अधिक पीएलएमधून शिरते. निव्वळ स्टार्चची फिल्म तर स्वतःच पाणी पिऊन सैल पडते. अ‍ॅल्युमिनियमच्या थराशी यांची तुलनाच नको. रत्नागिरीच्या आषाढात यवक्षार किंवा लवणभास्कर अशा पिशवीत ठेवून पाहावे. विदर्भाची अडचण वेगळी. पीएलए ६० अंशांच्या सुमारास मऊ पडते, आणि मे महिन्यात चंद्रपूरच्या रस्त्यावर उभ्या केलेल्या बंद टेम्पोचे पोट त्याच्या जवळपास जाऊ शकते. याच्या मुळाशी एक पेच आहे व तो कोणत्याही संशोधनाने सर्वस्वी सुटण्यासारखा नाही. ओल, उष्मा आणि जंतू यांनी चूर्ण नासते. त्याच तिघांनी फिल्म कुजते. बाहेरच्या बाजूने ओलाव्यास वश होणारी आणि आतल्या बाजूने ओलाव्यास अभेद्य राहणारी वस्तू मागणे म्हणजे पावसात भिजणारी छत्री मागणे होय.

येथे आम्हांस शार्ङ्गधराची आठवण करून द्यावीशी वाटते. पूर्वखंडाच्या पहिल्याच अध्यायात त्याने औषधांचे वीर्य किती काळ टिकते ते सांगितले आहे. गुटिका व लेह वर्षानंतर हीनवीर्य होतात, आसव, धातू व रस जुने होतील तसे चांगले. आणि चूर्ण दोन महिन्यांत उतरते. आज औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील १६१-बी हा नियम चूर्णास दोन वर्षांची मुदत देतो. दोन महिन्यांची दोन वर्षे कशाने झाली? यंत्राने दळण बारीक झाले, वाळवण सुधारले, हे खरे. परंतु मधले बावीस महिने आमच्या मते मुख्यतः प्लास्टिकने आणि अ‍ॅल्युमिनियमने मिळवून दिले आहेत. त्या बावीस महिन्यांवर आपला सारा व्यापार उभा आहे. नाशिकचे चूर्ण लातूरच्या दुकानात वर्षभर पडून राहू शकते ते त्यामुळेच.

म्हणून कुजणारे वेष्टन आणि दोन वर्षांची मुदत या दोन्ही गोष्टी एकदम मागता येणार नाहीत. फिल्म अधिक टिकाऊ करण्यासाठी तिच्यात अधिकाधिक द्रव्ये मिसळत जाणे, हा एक मार्ग उद्योगाने धरला आहे. दुसरा मार्ग आपल्या हातात आहे आणि तो म्हणजे वेष्टनाकडून कमी काळाची अपेक्षा करणे. औषधनिर्मात्यांस हे रुचणार नाही याची आम्हांस कल्पना आहे. कमी मुदतीचा माल म्हणजे लहान लॉट, वारंवार दळण, परत येणारा साठा, आणि या साऱ्यावर पॉलिथीनहून महाग फिल्म. लहान औषधालयास हे परवडणार नाही असे कोणी म्हणाल्यास आम्ही वाद घालणार नाही. दुकानात जाणारे दोन वर्षांचे पाउच तूर्त आहे त्याच बहुस्तरीय फिल्ममध्ये राहू द्यावे, किंवा ज्यांना जमेल त्यांनी ते काचेच्या बरणीत न्यावे. विघटनशील म्हणून ओलसर चूर्ण विकण्यात ना निसर्गाचे हित आहे ना रुग्णाचे.

परंतु आपल्या धंद्याचा एक मोठा भाग असा आहे की जेथे दोन वर्षांचा प्रश्नच येत नाही. वैद्य आपल्या चिकित्सालयात रुग्णास सात किंवा पंधरा दिवसांची औषधे बांधून देतो. काढ्याची भरड, लेपाचे चूर्ण, वाटून दिलेल्या पुड्या, हे सारे दोन-तीन आठवड्यांत संपते. पूर्वी हे कागदाच्या पुडीत जाई. आज ते सर्रास पातळ प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत जाते, आणि ती पिशवी औषध संपल्याच्या दिवशीच कचरा होते. पंधरा दिवसांच्या औषधास शेकडो वर्षे टिकणारे वेष्टन! येथे साधी, कोणतेही तेल न घातलेली, प्रमाणित कंपोस्टयोग्य फिल्म किंवा चांगला कोरा कागद पूर्णपणे पुरतो. जुन्या वर्तमानपत्राच्या पुडीकडे मात्र कोणी परत वळू नये. छपाईच्या शाईमुळे अन्नपदार्थांस ते नियमानेच निषिद्ध आहे, मग औषधास कसे चालेल? अगदी पावसाळ्यात कागदाची पुडी झाकणाच्या डब्यात ठेवण्यास सांगावे. रुग्ण ऐकतात, सांगणारा पाहिजे.

अशा फिल्मसाठी यापुढे फार लांब पाहावे लागणार नाही. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने ऑक्टोबर २०२४ मध्ये जेजुरी येथे जैवबहुवारिकांचे प्रात्यक्षिक केंद्र सुरू केले आहे. भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या त्या गावाच्या शेजारी कधी हळदीच्या फिल्मचाही प्रयोग व्हावा, अशी एक हलकीफुलकी इच्छा मनात येऊन जाते. तपासणीसाठी मुंबईत अंधेरी येथे भारतीय पॅकेजिंग संस्था १९६६ पासून आहे. वाफ किती शिरते हे मोजून मिळते. चार-पाच लहान औषधालयांनी मिळून एकच नमुना दिला तर खर्चही वाटला जातो.

एक गोष्ट आणखी, आणि ती आम्ही मुद्दामच शेवटाकडे ठेवली आहे, कारण तिच्यावर रुग्ण सर्वांत आधी बोट ठेवतील. सक्रिय फिल्मच्या संशोधनात कायटोसान फार लोकप्रिय आहे. ते स्वतःच जंतुरोधक आहे व त्याची फिल्म उत्तम होते. परंतु ते बहुधा कोळंबी आणि खेकडे यांच्या कवचांपासून काढतात; बुरशीपासून काढलेलेही मिळते, पण ते वेगळे मागावे लागते. काही फिल्ममध्ये जिलेटिन असते. ‘कॅप्सूलचे कवच शाकाहारी आहे ना?’ असे विचारणारे रुग्ण आपल्या सर्वांकडे येतात. पुडीविषयी हा प्रश्न अजून कोणी विचारीत नाही, कारण पुडी म्हणजे प्लास्टिक हे सर्वांनी धरलेले आहे. ज्या दिवशी पुडी प्राणिज होईल त्या दिवशी वैद्यास त्याचे उत्तर ठाऊक असले पाहिजे. शिवाय कवचधारी जलचरांची अ‍ॅलर्जी असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा केवळ आचाराचा प्रश्न राहत नाही.

आगामी पावसाळ्यात सभासदांनी एक साधा प्रयोग करावा, अशी आमची सूचना आहे. एकाच घाणीचे, नीट वाळविलेले त्रिफळा चूर्ण प्रत्येकी ५० ग्रॅम घेऊन ते एका काचेच्या बरणीत, नेहमीच्या पाउचमध्ये, साध्या कंपोस्टयोग्य फिल्ममध्ये आणि मिळाल्यास तेल घातलेल्या सक्रिय फिल्ममध्ये बंद करावे. चारही भाजने एकाच कपाटात ठेवून दर रविवारी न उघडता वजन करावे. वजनातील वाढ म्हणजे आत शिरलेला ओलावा. आठ आठवड्यांनी, म्हणजे शार्ङ्गधराच्या मुदतीस, ती उघडून रंग, वास, चव आणि गुठळ्या यांची नोंद करावी, आणि या नोंदी आश्विनाच्या आत नियतकालिकाच्या कार्यालयात पाठवाव्यात. फिल्मची जाडी, विक्रेत्याने दिलेले प्रमाणपत्र, तीत मिसळलेल्या द्रव्यांची नावे आणि गावाचे नाव सोबत असावे. द्रव्यांची नावे सांगण्यास विक्रेत्याने नकार दिल्यास तेही लिहून कळवावे. तीसुद्धा आम्हांस हवी असलेली नोंदच आहे.